इंदूर ते पुणे विमानाने किती लांब आणि किती वेळ? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे विमानप्रवासाच्या अंतराविषयी आणि वेळेविषयी आहेत. इंदुरातील मराठी घरांमधून मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात, आणि मागे राहिलेले आईवडील त्यांच्याकडे जाण्याचा बेत आखताना प्रथम अंतर शोधतात व मग तिकिटावरील वेळ पाहतात. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, अशी बहुतेकांची तक्रार आहे. ते जुळत का नाहीत, हे नीट समजले तर बेत आखणे खरोखर सोपे होते. म्हणून या वेळी सदराची सारी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. इंदूर ते पुणे हवाई अंतर शोधले तेव्हा एके ठिकाणी ५०० किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी ४९८ किलोमीटर आणि तिसऱ्या ठिकाणी नुसतेच २६९ असे आकडे मिळाले. मोटारीने तर जवळपास ६०० किलोमीटर होतात. यांतले खरे अंतर कोणते? (एक वाचक, रामबाग)

आपल्याला मिळालेले चारही आकडे बरोबर आहेत. मात्र प्रत्येक आकड्यामागचे मोजमाप वेगळे आहे.

आधी २६९ चा उलगडा करू. विमान आणि जहाज यांच्या व्यवहारात अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. २६९ ला १.८५२ ने गुणले की ४९८ किलोमीटर येतात, म्हणजे आपला दुसरा आणि तिसरा आकडा एकच आहे. या मापाचा उगम अक्षांशात आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातला एक भाग पृथ्वीच्या पृष्ठभागावर जवळपास एका सागरी मैलाएवढा भरतो. त्यामुळे नकाशावरून अंतर काढणाऱ्याला हे माप अतिशय सोयीचे पडते, आणि वैमानिक आजही तेच वापरतात.

५०० आणि ४९८ यांतला फरक पृथ्वीच्या आकारामुळे पडतो. इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ साधारण २२.७२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.८० अंश पूर्व रेखांशावर आहे, तर पुण्याचा लोहगाव विमानतळ १८.५८ अंश उत्तर आणि ७३.९२ अंश पूर्व येथे आहे. पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोल आहे असे मानले तर या दोन बिंदूंमधले पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर ५०० किलोमीटर येते. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर आहे. या चपटेपणामुळे आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सरासरीपेक्षा थोडा लहान, म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटरांचा असतो, आणि इंदूर-पुणे हा प्रवास मुख्यतः उत्तर-दक्षिण असल्याने हा लहानसा फरक थेट उत्तरात उतरतो.

आपल्याला हा हिशोब कागदावरही पडताळून पाहता येईल. दोन विमानतळांच्या अक्षांशांत ४.१४ अंशांचा फरक आहे, त्याचे ४५८ किलोमीटर होतात. रेखांशांत १.८८ अंशांचा फरक आहे, आणि या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरांचा असल्याने त्याचे १९६ किलोमीटर होतात. आता शाळेत शिकलेला काटकोन त्रिकोणाचा नियम लावला, म्हणजे दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढले, की ४९८ हे उत्तर मिळते. अंतर फार लांबचे असेल तर हा सोपा मार्ग चालत नाही, परंतु पाचशे-सातशे किलोमीटरांपर्यंत तो समाधानकारक उत्तर देतो. घरात शाळकरी मूल असेल तर हे गणित त्याच्याकडून जरूर करून घ्यावे, कारण भूगोल आणि भूमिती यांची एवढी सुरेख सांगड सहसा मिळत नाही.

रस्त्याचे ६०० किलोमीटर सेंधवा, धुळे असे सातपुडा ओलांडून आणि गावे गाठत जाणाऱ्या वाटेचे आहेत. रेल्वेची स्थिती आणखी वेगळी आहे. इंदूरहून सरळ दक्षिणेला मनमाडकडे जाणारा लोहमार्ग अजून नसल्याने पुण्याची गाडी आधी पश्चिमेला रतलाम, वडोदरा, सुरत अशी जाऊन मग कल्याणवरून पुण्याला उतरते, आणि हे अंतर ९०० किलोमीटरांहून अधिक होते. इंदूर-मनमाड या ३०९ किलोमीटरांच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो मार्ग पूर्ण होईपर्यंत हवाई अंतर आणि लोहमार्गाचे अंतर यांत जवळपास दुपटीचा फरक राहील. माळव्यातून महाराष्ट्रात जाणाऱ्या सर्वांसाठी हे काम किती निकडीचे आहे, हे या एका तुलनेतून दिसते.

प्रश्न : विमानाचा वेग ताशी आठशे किलोमीटरांहून अधिक असतो असे वाचले आहे. मग ५०० किलोमीटरांना ३५-३६ मिनिटे पुरायला हवीत. तिकिटावर मात्र सव्वा तास लिहिलेला असतो. शिवाय मुंबई नकाशावर पुण्याइतकीच जवळ दिसते, तरी मुंबईच्या विमानाला वेळ अधिक का लागतो? (एक वाचिका, तिलकनगर)

तिकिटावर लिहिलेला वेळ आकाशातल्या प्रवासाचा नसतो. चाकांपुढचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तिथपासून, दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर उभे राहून चाकांना पुन्हा अडसर लागेपर्यंतचा तो एकूण वेळ असतो. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, पुढच्या विमानाची वाट पाहणे, उतरल्यावर धावपट्टी सोडून फलाटापाशी येणे हे सारे धरलेले असते. यासाठी दोन्ही टोकांना मिळून पंधरा-वीस मिनिटे सहज जातात.

आकाशातही विमान सर्व वेळ पूर्ण वेगाने उडत नाही. एअरबस ए-३२० जातीचे विमान उंचावर गेल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जाते, परंतु १० हजार फुटांच्या खाली त्याला सर्वसाधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटर, ही मर्यादा पाळावी लागते. उतरण्याचा ढोबळ नियम असा आहे की प्रत्येक हजार फूट खाली येण्यासाठी सुमारे तीन सागरी मैल अंतर लागते. म्हणजे ३० हजार फुटांवरून खाली येण्यास ९० सागरी मैल, अर्थात सुमारे १६७ किलोमीटर हवेत. चढण्यासही साधारण तेवढेच अंतर खर्च होते असे धरले, तर ५०० किलोमीटरांच्या प्रवासात सरळ, समतल आणि पूर्ण वेगाचा भाग जेमतेम एक तृतीयांश उरतो. इंदूर-पुणे प्रवासात विमान स्थिरावले असे वाटते न वाटते तोच उतरण्याची सूचना होते, त्याचे कारण हेच आहे.

म्हणून अंतर दुप्पट झाले की वेळही दुप्पट होईल, हा अंदाज चुकतो. चढ-उताराचा आणि जमिनीवरचा वेळ लहान व मोठ्या प्रवासात जवळपास सारखाच राहतो, वाढतो तो फक्त मधला भाग. घरच्या घरी अंदाज करायचा असेल तर हवाई अंतराला ८३० ने भागून येणाऱ्या वेळेत ३५ ते ४० मिनिटे मिळवावीत. पुण्यासाठी हे उत्तर सव्वा तासाच्या आसपास येते, ६६० किलोमीटरांवरच्या दिल्लीसाठी दीड तासाच्या जवळ, आणि १,३०० किलोमीटरांवरच्या कोलकात्यासाठी दोन तास दहा मिनिटांच्या आसपास. हा अंदाज जेट विमानांचा आहे. पंख्याची एटीआर विमाने ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जातात. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिलेला असतो, तो पाहून घ्यावा. त्याच अंतराला वेगळी वेळ दिसली तर कारण बहुधा तिथेच सापडते.

आता मुंबई. आपले निरीक्षण अगदी अचूक आहे. इंदूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ५०५ किलोमीटर आहे, म्हणजे पुण्यापेक्षा केवळ सहा-सात किलोमीटर जास्त. परंतु इंदूर आणि पुणे हे दोन्ही विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच, साडेअठराशे ते साडेएकोणीसशे फूट उंचीवर आहेत, तर मुंबईला विमानाला थेट समुद्रसपाटीपर्यंत यावे लागते. हा फरक लहान आहे. खरा फरक गर्दीचा आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही, आणि देशातील सर्वांत व्यस्त विमानतळांपैकी एकाचा सारा भार एका वेळी प्रायः एकाच धावपट्टीवर पडतो. उतरणाऱ्या विमानांना एकामागे एक अंतर राखून रांगेत घ्यावे लागते, आणि रांग लांबली तर आकाशात ठरलेल्या जागी लंबगोल फेरे मारत थांबवतात. असा एक फेरा साधारण चार मिनिटांचा असतो. विमान कंपन्या ही शक्यता धरूनच वेळापत्रक आखतात, म्हणून मुंबईची वेळ काहीशी सैल ठेवलेली असते. एखाद्या दिवशी गर्दी नसली की विमान दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचते, ते या राखीव वेळेमुळे.

पुण्याची अडचण निराळी आहे. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असून नागरी विमानांना ती त्यांच्या वेळा सांभाळून वापरावी लागते. एकूणच देशाच्या आकाशातील बराच भाग लष्करी कारणांसाठी राखीव असतो. मे २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी सांगितले होते की नागरी विमानांना आपल्या आकाशाचा फक्त ६० टक्के भाग मुक्तपणे वापरता येतो, आणि हे निर्बंध शिथिल करण्याची घोषणा त्यांनी त्याच वेळी केली. राखीव भागांना वळसा घालणारे ठराविक हवाई मार्ग, निघताना व उतरताना धावपट्टीच्या दिशेप्रमाणे घ्यावी लागणारी वळणे, हे सारे मिळवले की विमान प्रत्यक्षात ४९८ किलोमीटरांहून अधिक उडते. किती अधिक, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर आणि वाहतुकीवर ठरते.

प्रश्न : विमान दहा किलोमीटर उंचीवरून जाते, म्हणजे त्याचे वर्तुळ मोठे झाले. त्यामुळे अंतर किती वाढते? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, सुदामानगर)

फारच थोडे. पृथ्वीच्या ६,३७१ किलोमीटर त्रिज्येत १० किलोमीटर मिळवले तर वर्तुळ साधारण ०.१६ टक्क्याने मोठे होते. इंदूर-पुणे अंतरात ही वाढ एका किलोमीटरपेक्षाही कमी भरते. प्रश्न मात्र उत्तम आहे, असे प्रश्न विचारत राहावे.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग इंदूरहून कोलकात्याला जाताना कोलकाता विमानापासून दूर पळत असले पाहिजे आणि येताना इंदूर आपणहून जवळ यायला हवे. प्रत्यक्षात हिवाळ्यात कोलकात्याला जाताना वेळ कमी आणि येताना जास्त लागतो. हे उलट कसे? (एक निवृत्त शिक्षक, स्नेहलतागंज)

इंदूरच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५४० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते आहे, म्हणजे विमानाच्या वेगाच्या जवळपास दुप्पट. परंतु जमिनीबरोबर हवाही त्याच वेगाने फिरते, आणि विमान त्या हवेत उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात पुढच्या टोकाकडे चालणाऱ्या माणसाला जसे गाडीच्या वेगाशी झगडावे लागत नाही, तसेच हे आहे. पृथ्वीच्या परिवलनाने प्रवासाचा वेळ थेट वाढतही नाही आणि घटतही नाही. परिणाम होतो तो जमिनीच्या तुलनेत हवा ज्या वेगाने वाहते त्याचा, अर्थात वाऱ्याचा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अतिशय वेगवान वाऱ्याचा पट्टा असतो. त्याच्या गाभ्यात वेग १०० नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरांपेक्षा अधिक होतो. इंदूर आणि कोलकाता जवळपास एकाच अक्षांशावर असल्याने हा वारा जाताना बरोबर पाठीशी आणि येताना बरोबर समोर येतो. गणित सोपे ठेवण्यासाठी वारा ताशी १०० किलोमीटरच धरू आणि चढ-उतार बाजूला ठेवू. शांत हवेत १,३०० किलोमीटरांना ९४ मिनिटे लागतात. जाताना वेग ९३० होतो आणि ८४ मिनिटे लागतात, येताना वेग ७३० होतो आणि १०७ मिनिटे लागतात. जाताना दहा मिनिटे वाचली, पण येताना तेरा अधिक गेली, हे लक्षात घ्यावे. वाऱ्याची मदत आणि वाऱ्याचा अडथळा एकमेकांना पूर्ण फेडत नाहीत, कारण समोरच्या वाऱ्यात विमान अधिक काळ सापडलेले असते.

पावसाळ्यात चित्र बदलते. हा पश्चिमी पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो, आणि द्वीपकल्पावर आणखी उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा पट्टा तयार होतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात हिवाळ्यातील फरक दिसत नाही.

वाऱ्याचे महत्त्व किती, याचे याहून ठळक उदाहरण लांब पल्ल्याच्या प्रवासात मिळते. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे, आणि ती रेषा सायबेरिया ओलांडून आर्क्टिक प्रदेशातून जाते. एअर इंडियाची विमाने पूर्वी अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटरांच्या मार्गाने जात. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने मार्ग बदलून विमान पूर्वेकडे प्रशांत महासागरावरून नेले. अंतर १५,३०० किलोमीटर झाले, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास लवकर पोहोचले. वैमानिक ज्याचा शोध घेतात तो मार्ग कमीत कमी वेळेचा आणि इंधनाचा असतो, आणि तो नकाशावर सर्वांत आखूड असेलच असे नाही.

प्रश्न : मुलीकडे दुबईला जायचे आहे. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ पाहता पावणेदोन तासांचाच प्रवास दिसतो, परतीला मात्र साडेचार तास दिसतात. मधुमेह असल्याने जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा ठरवायच्या आहेत. (एक वाचिका, लोकमान्यनगर)

आपण हे आधीच विचारले हे फार चांगले केले. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, आणि तिथे उन्हाळा-हिवाळ्यात घड्याळ बदलत नाहीत, त्यामुळे हा फरक वर्षभर कायम असतो. जाताना दिसणाऱ्या वेळेत दीड तास मिळवावा : पावणेदोन तासांचे सव्वातीन तास होतात. परतीच्या वेळेतून दीड तास वजा करावा : साडेचारचे तीन तास होतात. उरलेला पंधरा मिनिटांचा फरक बहुतांशी वाऱ्याचा आहे. हवाई अंतर सुमारे २,०९० किलोमीटर असल्याने हा वेळ योग्यच आहे.

इंदूरहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान १५ जुलै २०१९ रोजी दुबईलाच निघाले होते. त्या दिवशी पाकिस्तानचे आकाश फेब्रुवारीपासून बंद होते आणि ते दुसऱ्याच दिवशी खुले झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद झाले. इंदूर-दुबई सरळ रेषा सिंधच्या किनाऱ्याजवळून जाते, त्यामुळे अशा काळात विमानाला थोडे दक्षिणेकडून, अरबी समुद्रावरून जावे लागते. दिल्ली-लंडनसारख्या प्रवासात हा वळसा मोठा ठरतो, आपल्या प्रवासात तो लहान आहे.

औषधासाठी एक सुचवतो. प्रवासाच्या दिवशी मनगटावरचे घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवावे आणि गोळ्या त्यावर पाहून घ्याव्यात. इन्सुलिन घेत असाल तर वेळ बदलण्याविषयी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. औषधे नेहमी हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह असावीत.

प्रश्न : तिकिटावरच्या या वेळेला कायद्याने काही अर्थ आहे का, की ती केवळ माहितीसाठी असते? (एक वाचक, राजवाडा परिसर)

अर्थ आहे, आणि तो प्रवाशाने जाणून घ्यावा असा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम याच अडसर ते अडसर वेळेवर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक विलंब होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना कंपनीने खाण्यापिण्याची सोय करावी लागते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी ही मर्यादा तीन तासांची आहे. म्हणजे पुण्याच्या प्रवाशाला दोन तासांनंतर आणि दुबईच्या प्रवाशाला तीन तासांनंतर हा हक्क मिळतो. देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून अधिक विलंब होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एकाची निवड प्रवाशाने करावयाची असते.

उड्डाण ऐनवेळी, नियमानुसार आधी कळवल्याशिवाय रद्द झाले तर भरपाईदेखील वेळेवर ठरते : एका तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि त्यापुढे १०,००० रुपये, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. खराब हवामान, सुरक्षेचे कारण किंवा वाहतूक नियंत्रणाचा अडथळा असेल तर ही भरपाई मिळत नाही. इंदूर-पुणे उड्डाण मधल्या गटात मोडते. तक्रार करण्याची वेळ आली तर तिकिटाची प्रत, बोर्डिंग पास आणि कंपनीकडून आलेले संदेश जपून ठेवावेत, आणि आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी मागणी करावी. तिथे दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या एअर सेवा या सुविधेवर तक्रार नोंदवता येते.